नलिनी वामनराव यांचा पॅच

१८ नोव्हेंबर

काय बाई आहे! सकाळी मेल उघडली आणि चहाचा कप हातात तसाच राहिला. मी लिहिलं होतं, "डायग्राममध्ये रीसेटची तार बाराव्या पिनवर आहे, तुमच्या पॅचमध्ये सातव्या. चूक आहे. दुरुस्त करून पुन्हा पाठवा." एवढंच. आमच्या यादीवर याहून गोड कुणी बोलत नाही. उत्तर आलं एका ओळीचं: "मी मीटर लावून पाहिलं आहे. तुम्ही पाहिलंत का?"

सगळ्या जगासमोर! ही मेलची यादी कुणीही उघडून वाचू शकतं. इतकी वर्षं लोकांचे पॅच तपासते आहे, शिव्या खाल्ल्यात, रडणारे पाहिलेत, पण उलट असा सवाल...

नाव नलिनी वामनराव. हैदराबादकडची असणार, तिकडे वडिलांचं नाव आडनावासारखं लावतात. कॉलेजातून नुकती सुटलेली. नवा मीटर हातात आला असेल.

जेवताना सासूबाईंना सांगितलं. सांगताना पुन्हा संताप आला. त्या वांग्याची देठं काढत होत्या. म्हणाल्या, "मग तू पाहिलंस का मीटर लावून?"

म्हटलं, आई, माझ्याकडे डायग्राम आहे. मीटर कशाला?

"हां, डायग्राम आहे तो," म्हणाल्या आणि मला आणखी भात वाढला.

२० नोव्हेंबर

सासरे पोह्यांवर जिरावन मसाला टाकता टाकता म्हणाले, "शलाका, तू दिनभर वर बसून करतेस तरी काय, बता तो सही. नोकरी तर चार बजे संपते तुझी."

लग्न होऊन इंदूरला आले तेव्हापासून हा प्रश्न दर हिवाळ्यात एकदा येतो. पुन्हा सांगितलं. संगणकाचा बोर्ड असतो. कर्नलला, म्हणजे आतल्या मुकादमाला, आपोआप कळत नाही की कुठली चिप कुठे बसली आहे, कुठली तार कुठे जाते. ते एका फायलीत लिहून द्यावं लागतं. जगभरातले लोक आपापल्या बोर्डाचं वर्णन लिहून पाठवतात, तो पॅच. मी त्यातल्या चुका काढते. चूक उरली नाही की खाली माझ्या नावाची ओळ घालते, "तपासलं" म्हणून. मग ते आत जातं.

"पैसे?"

"नाही."

"म्हणजे फुकटची मास्तरीण!" स्वतःच्याच विनोदावर खूष होऊन पेपरात गेले.

सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "आत जातं म्हणजे कायमचं?"

"कायमचं, आई. लिहिणाऱ्याच्या नावासकट. ते नाव मग कुणी पुसू शकत नाही."

"कुणीच नाही?"

"गास्पारसुद्धा नाही." गास्पार पोर्तुगालचा. आमच्या विभागाचा मुख्य, पॅच शेवटी आत घेतो तो. घरात सगळ्यांना नावाने माहीत आहे, कारण माझी चिडचिड त्याच्याच नावाने चालते.

२२ नोव्हेंबर

न. वा. चा तिसरा पॅच. मी काढलेल्या सगळ्या चुका निस्तरल्यात. मोकळ्या जागा, अक्षरक्रम, सगळं स्वच्छ. कबूल करायला हवं, पोरगी ऐकते. फक्त ती तार. पुन्हा सातवीच!

लिहिलं: "बाकी उत्तम. तार चूकच."

"उत्तम" मी सहसा लिहीत नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी गराडूचा कंद तळला. सण नाही, पाहुणा नाही. माझा नवरा आ. पीथमपूरच्या नोकरीवरून येऊन बूट न काढताच ताटलीपुढे बसला. "आई, आज क्या खास?" "असंच रे." लिंबू पिळताना गुणगुणत होत्या.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. हा बोर्ड बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. बाजारात तो मिळत नाही. माझ्याकडे होता एक, जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून घेतलेला, कुठल्या खोक्यात आहे देव जाणे. या बाईला कुठून मिळाला? आणि मेलेल्या बोर्डाचं वर्णन कर्नलमध्ये घालायचा एवढा अट्टहास कशासाठी?

२४ नोव्हेंबर

गास्पारचं खाजगी पत्र. त्यालाही तोच प्रश्न. नाव इंटरनेटवर कुठेच नाही. जुनं काम नाही, फोटो नाही, कॉलेज नाही. चिकाटी भरपूर. आणि डायग्रामच्या विरुद्ध एकाच पिनचा हट्ट. गोड वागून आत शिरायचं, विश्वास मिळवायचा आणि मग घात करायचा, असले प्रकार आमच्या जगात झालेले आहेत. तो लिहितो, तुझ्या देशातली दिसते, तूच विचार.

विचारलं. यादीवर, सगळ्यांसमोर:

"सहीच्या ओळीत खरं नाव लागतं. या नावाची कोणतीही व्यक्ती मला सापडत नाही. तुम्ही नक्की कोण आहात ते कळवा. तोवर पॅच थांबवला आहे."

पाठवल्यावर बरं वाटलं. चोर पकडल्यासारखं.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

न. वा. गप्प.

सासूबाईंचं भरीत करपलं. या घरात आल्यापासून हे प्रथम पाहिलं. नैवेद्याचं भरीत! सासरे हबकलेच. "सुधा, ये क्या किया तूने?" त्या डोकं दुखतंय म्हणून वर जाऊन पडल्या. रोडगे मीच वाढले. एकही धड गोल नव्हता.

चहा घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. म्हटलं, आई, डॉक्टरला फोन करू? म्हणाल्या, "नको. तुझं काम कर जा. थांबलं असेल."

२८ नोव्हेंबर

अजून गप्प. गास्पार म्हणतो, पळाली. म्हणजे संशय खरा होता.

आनंद व्हायला हवा. होत नाही. सगळ्या चुका इतक्या निगुतीने कोण दुरुस्त करतं, पळायचं असेल तर?

आणखी एक. शेजारच्या खोलीतलं शिलाई मशीन हल्ली ऐकू येत नाही. सासूबाई दुपारभर तिथे दार लावून बसतात. फॉल लावतात म्हणे. फॉल लावायला कानात हेडफोन लागतो? आ. म्हणतो सिरीयल बघत असेल, बघू दे.

१ डिसेंबर

जमेल तसं लिहिते.

न. वा. चं उत्तर आलं. लांबलचक. इंग्रजीतून मराठीत उतरवते:

"नेटवर्कच्या चिपच्या रीसेटपासून निघालेला तांब्याचा ट्रॅक बाराव्या पिनकडे जातो, पण वाटेत खरवडलेला आहे. तिथून एक पिवळी तार सातव्या पिनवर सोल्डर केलेली आहे. तार हलू नये म्हणून मधोमध लाल नेलपॉलिश लावलेलं आहे. कारखान्यातूनच तशी आली असावी. म्हणून मी सातवी लिहिली. डायग्राम काय म्हणतो यापेक्षा बोर्ड काय म्हणतो ते लिहावं असं मला वाटलं. नावाबद्दल: नलिनी वामनराव हेच माझं खरं नाव आहे. याहून खरं माझ्याकडे दुसरं नाही."

पिवळी तार. लाल नेलपॉलिश.

कुठला कारखाना? ती तार मी लावली! लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, याच खोलीत. बाराव्या पिनचा ट्रॅक माझ्याच हातून उखडला होता. सातवी पिन रिकामी होती, तिच्यावर तार नेली. चिकटवायला काही मिळेना तेव्हा लग्नातली नेलपॉलिशची बाटली उघडली. असा बोर्ड जगात दुसरा असूच शकत नाही. ती माझ्या बोर्डाचं वर्णन करते आहे. माझ्या!

माळ्यावरची सगळी खोकी उतरवली. टेबलाचे खण उपसले. बोर्ड नाही.

आ. ला फोन केला. "कबाडीवाल्याला गेला असेल यार. दिवाळीत सफाई केली होती ना." म्हणजे ही बाई इंदूरमध्येच आहे? आमची रद्दी विकत घेते? की कुणी घरात... गॅलरीचं दार मी आज दोनदा लावून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, इतकी पिवळी का पडलीस?" त्यांना म्हटलं, आई, आपल्याकडे चोरी झाली आहे.

त्या खुर्चीत बसल्या. "चोरी?" म्हणाल्या. एवढंच.

२ डिसेंबर

सापडला.

ओढणीची किनार उसवली होती. सासूबाई भाजीला गेल्या होत्या. कात्री घ्यायला त्यांच्या मशीनचा खण उघडला. बटणांचा डबा, बॉबिनी आणि त्याखाली चोळीच्या कापडात नीट गुंडाळलेला माझा बोर्ड. पिवळी तार. लाल ठिपका. शेजारी जुना मीटर. मशीनच्या झाकणाखाली माझा टाकून दिलेला लॅपटॉप. उघडला. पडद्यावर माझंच पत्र. "या नावाची कोणतीही व्यक्ती मला सापडत नाही."

मी तिथेच फरशीवर बसले. किती वेळ बसले कळलं नाही.

दारात सासूबाई. हातात मेथीची जुडी. माझ्याकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं.

"आता लाव मीटर," म्हणाल्या.

३ डिसेंबर

काल पुढचं लिहिता आलं नाही. आज आठवेल तसं. क्रम नाही.

मी: आई, नलिनी कोण?

"मी."

"तुम्ही तर सुधा."

"सुधा तर ह्यांची. सुधाकरची सुधा. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने लिहिलं, झालं. मला कुणी पूछा पण नाही. दुसऱ्या दिवसापासून नलिनी कुणी म्हटलंच नाही गं. माहेरचे पण सुधाताई म्हणायला लागले, ह्यांना बुरा नको वाटायला."

वामनराव त्यांचे वडील. इथल्या शाळांत तेव्हा आडनाव लावत नसत. मॅट्रिकपासून बी.एस्सी.पर्यंत सगळ्या कागदांवर नलिनी वामनराव. लग्नाआधी पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात होत्या, हे मला माहीत होतं. पण मी समजत होते, ऑफिसात टायपिंग वगैरे करत असतील. सर्किट तपासायच्या! मी कधी विचारलंच नव्हतं.

शिकल्या कशा? "तुझेच व्हिडिओ. तू हिंदीत केले होतेस ना, नव्या मुलांसाठी. मग सोडून दिलेस बीच में. पुढचं वाचून वाचून केलं. मेल पाठवायचं तेवढं जाम कठीण होतं भई."

ते व्हिडिओ मी बंद केले, कारण कुणी बघत नव्हतं. म्हणजे एक जण बघत होती, भिंतीपलीकडे.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? 'वा आई, छान' म्हणाली असतीस आणि स्वतःच दुरुस्त करून टाकलं असतंस. या घरात माझी चूक कुणी काढतच नाही. आई राहू दे, आई तू बस. तू मला लिहिलंस, चूक आहे, पुन्हा कर. पोळी सोडून दुसऱ्या कशालाच कुणी मला पुन्हा कर म्हटलं नव्हतं लग्न झाल्यापासून. मला इतकं छान वाटलं."

नंतर मेथी निवडत, माझ्याकडे न बघता: "मग तू लिहिलंस, या नावाची कोणी व्यक्ती सापडत नाही. मी म्हटलं, बरोबरच आहे. मला पण नाही सापडत."

मी रडले. त्या रडल्या नाहीत.

पिनबद्दल सांगितलं तेव्हा धक्का बसायची पाळी त्यांची होती. "म्हणजे ही तार तू लावलीस? कंपनीने नाही?" मी लावली, आई. "म्हणजे मी जे लिहिलं ते साऱ्या दुनियेत एकाच बोर्डाला लागू?" हो. आपल्या. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. पाणी आणून दिलं.

माझ्या लग्नात नाव बदलायचं ताट आलं होतं. मी नाही म्हटलं, मंडपात कुजबुज झाली. सासूबाई पुढे आल्या आणि ताट उचलून आत घेऊन गेल्या. मला वाटलं रागावल्या. इतकी वर्षं तेच वाटत होतं.

आ. ला सांगितलं. "अरे हां, नलिनी. मालूम था की मला. कधी विषय निघाला नाही." कधी विषय निघाला नाही! त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि खोलीबाहेर आले.

४ डिसेंबर

आज दत्तजयंती. प्रसाद झाल्यावर सासूबाईंनी स्वतःच सासऱ्यांना सांगितलं. मी आणि आ. समोर. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत.

"सुधा नाम अच्छा नाही?"

"अच्छा आहे. माझं नाही."

"मी कित्ते प्यार से ठेवलं होतं. माझ्या नावातून काढलं."

"हां. तुमच्या नावातून."

सासरे माझ्याकडे वळले, मी पंच असल्यासारखे. "शलाका, तुझा नियम काय म्हणतो? असली नाव लागतं ना? मग सुधा लिही. आधार कार्डावर आहे, बँकेत आहे. किस्सा खतम."

नियमाने बघायचं तर त्यांचं खरं होतं. ज्या नावाने लोक ओळखतात ते नाव. सुधा हजार जण ओळखतात. नलिनी कुणी नाही. मी तोंड उघडणार तोच सासूबाई म्हणाल्या, "मग नको. सुधाच्या नावाने जाणार असेल तर पॅचच नको."

उठल्या आणि ताटं गोळा करू लागल्या. सासरे शिऱ्याची वाटी हातात धरून बसून राहिले. मला त्यांचीही दया आली. त्यांनी काही वाईट केलं आहे हे त्यांना आजच कळलं, आणि अजून नीट पटलेलंही नाही.

६ डिसेंबर

नावाचं नंतर, आधी बोर्ड, असं ठरवून जेल रोडवरून नवी सोल्डर आणि बारीक तार आणली. राजवाड्याच्या गर्दीत ऑटो अडकली. आई (यापुढे इथे आईच लिहिते, सासूबाई लिहायला हात जात नाही) शांतपणे बोर्ड मांडीवर घेऊन बसलेल्या, प्रसादासारखा.

जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला. पिवळी तार काढायची, खरवडलेला ट्रॅक पुन्हा जोडायचा, म्हणजे बोर्ड डायग्रामसारखा होईल आणि पॅच साऱ्या जगाला लागू पडेल. माझे डोळे आता इतकं बारीक बघत नाहीत. त्यांचा हात कापतो. त्या भिंग धरून "जरा डावीकडे, बस, बस" म्हणत होत्या आणि मी सोल्डरिंग आयर्न टेकवत होते. पहिल्यांदा माझ्याकडून शेजारच्या पिनला चिकटलं. "पुन्हा कर," म्हणाल्या. मजा वाटली त्यांना ते म्हणताना.

धूर निघाला तसे सासरे बाहेर आले. "घर में आग लगाओगे क्या तुम दोनों?" मग खुर्ची ओढून लांब बसले. आईंनी भिंग, मीटर, चिमटा न बघता उचलावा, ठेवावा, हे ते टक लावून बघत होते. हिला हे येतं, हे त्यांना माहीत नव्हतं. चेहरा उतरलेला दिसला.

मीटर लावला. वाजला. बारावी पिन. बोर्ड चालू केला, त्याचं नेटवर्क उठलं.

नेलपॉलिशचा ठिपका आईंनी खरवडू दिला नाही. "राहू दे. वर्णनात नाही येत ना तो?" नाही येत.

९ डिसेंबर

न. वा. चा चौथा पॅच यादीवर. बारावी पिन. खाली लिहिलंय: "आधीच्या पॅचमधली चूक माझ्या हातातल्या बोर्डामुळे झाली, त्यावर पूर्वी कुणीतरी दुरुस्ती केलेली होती. ज्यांनी वारंवार टोकलं त्यांचे आभार." कुणीतरी!

मी ओळ न् ओळ तपासली. मुद्दाम कडक. एक मोकळी जागा जास्तीची सापडली, ती कळवली. शेजारच्या खोलीतून "अरे देवा" ऐकू आलं.

गास्पारचं उत्तर, यादीवर: "तांत्रिकदृष्ट्या मला हरकत नाही. पण ओळखीचा प्रश्न शलाकाने उभा केला होता, तो तिनेच मिटवावा. शलाका, तू या व्यक्तीला ओळखतेस का? तुझं 'हो' मला पुरेसं आहे."

मी खुशीत उठले. यात काय, आत्ता लिहिते. आईंना म्हटलं, लिहिते की या माझ्या सासूबाई आहेत, माझा संशय चुकीचा होता, जाहीर माफी मागते. विषय संपला.

त्यांचा चेहरा पडला.

"सासूबाई लिहिणार?"

"खरं तेच लिहायला नको का?"

"मग नलिनी कशाला गं? शलाकाची सासू. झालं. आधी सुधाकरची सुधा, मग आशुतोषची आई. एक तर जागा राहू दे, जिथे मी कुणाची कुणी नाही."

११ डिसेंबर

दोन दिवस नुसतं डोकं चाललंय. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, घरच्या माणसाचा पॅच नातं न सांगता पास केला असता, तर मी त्याला यादीवर सोलून काढलं असतं. काढलेलंही आहे. आता मीच? गास्पार माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवतो, तो का, हे मला ठाऊक आहे. मी कधी आडपडदा ठेवला नाही म्हणून.

माझी "तपासलं" ओळ मी काढून घेईन, दुसऱ्या कुणाला तपासायला सांगेन. ते सोपं आहे. पण ओळखतेस का, याचं उत्तर द्यावंच लागेल. मीच विचारलं होतं ना, जगासमोर, इतक्या टेचात.

आ. म्हणतो, "हो लिही न यार, इतना क्या सोचना." याला सगळंच सोपं. नाव मालूम होतं आणि कधी हाक मारून पाहिली नाही.

सासरे परवापासून आईंना कुठल्याच नावाने हाक मारत नाहीत. "अगं", "सुनो जरा", "चहा होईल का". सुधा म्हणत नाहीत. दुसरं काही म्हणायची जीभ वळत नाही. आज दुपारी अंगणात एकटेच उभे होते, ओठ हलत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणताहेत.

१४ डिसेंबर

गास्पार उद्या या खेपेच्या पॅचसाठी दार बंद करतो आहे. सकाळी त्याचं स्मरणपत्र आलं: हो की नाही?

समोर दोन मसुदे उघडे आहेत. पहिला: "हो, ओळखते. त्या माझ्या सासूबाई आहेत." दुसरा: "हो, ओळखते." पहिला पाठवला तर त्या गेल्या. दुसरा पाठवला तर मी. आणि खरं सांगायचं तर दोन्हीतला "हो"च मला अडतो आहे. ओळखते? एका भिंतीपलीकडे बसत होत्या आणि मला हैदराबाद सुचलं.

आईंकडे गेले. ब्लाउज शिवत होत्या, खरोखरचा. म्हटलं, आई, तुम्हीच सांगा काय लिहू. "तपासणारी तू," म्हणाल्या. "मी पॅच पाठवलाय. आता शेरा तुझा." आणि मशीनचं पायडल सुरू केलं. परत येऊन बसले.

आत्ता खाली सासरे जिन्याशी आले आहेत. मला वाटलं नेहमीसारखं "सुनो" येईल. आलं नाही. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग परक्याच्या दारात उभं राहून विचारावं तशा हलक्या आवाजात म्हणाले, "नलिनी..."

शेजारचं मशीन थांबलं आहे.

मी की-बोर्डवरून हात काढून घेतले आहेत, हे पेनने लिहिते आहे. सासरे जिन्याशी तसेच उभे आहेत. अजून ओ आलेली नाही.